स्टीलचे दागिने: बावीस महिने अंगावर वागवल्यानंतर

इंदूरचा सराफा दिवसा सोन्या-चांदीसाठी आणि रात्री खाण्यासाठी ओळखला जातो. सराफांनी दुकाने वाढवली, की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस आणि गराडू यांचे ठेले लागतात. सराफ्याला लागूनच बर्तन बाजार आहे. या दोन बाजारांच्या आसपासच्या चिंचोळ्या गल्ल्यांत पूर्वी ‘एक ग्रॅम’चे दागिने मांडलेले असत, तेथे आता निम्मी काचेची कपाटे स्टीलच्या दागिन्यांनी भरलेली दिसतात. जो धातू पन्नास पावलांवर किलोच्या भावाने मिळतो, तोच येथे निळ्या मखमलीवर नगाच्या भावाने विकला जात असलेला पाहून मला आधी हसू आले आणि मग त्याची परीक्षा घेण्याची हुक्की आली.

ही हुक्की येण्यास माझी नोकरीही कारणीभूत आहे. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात औषधनिर्मितीसाठी लागणाऱ्या स्टेनलेस स्टीलच्या टाक्या तयार होतात आणि तेथे येणारा पत्रा, नळ्या व सळया मागवलेल्या प्रतीच्याच आहेत की नाहीत, हे तपासण्याचे काम मी गेली सतरा वर्षे करते आहे. दिवसभर ‘३१६एल’ हा स्टीलच्या एका प्रतीचा शब्द कागदावर लिहिणाऱ्या बाईला तोच शब्द कानातल्यांच्या पुठ्ठ्यावर छापलेला दिसला, तर ती तो तपासल्याशिवाय राहणार नाही, हे उघड आहे.

बावीस महिन्यांपूर्वी मी दोन दुकानांतून मिळून सहा वस्तू घेतल्या. स्वतःसाठी मुलामा नसलेली, स्टीलच्याच रंगाची बारीक साखळी ७५० रुपयांना, रोजच्या वापरासाठी सोनेरी रंगाचे काळ्या मण्यांचे आखूड मंगळसूत्र १,२५० रुपयांना, जोडव्यांचा जोड १८० रुपयांना, मुलीसाठी लहान बाळ्या ४०० रुपयांना आणि यजमानांसाठी कडे ५५० रुपयांना मिळाले. सहावी वस्तू म्हणजे खड्यांच्या कुड्या. त्या दुसऱ्या दुकानातून २२० रुपयांना घेतल्या आणि त्यांच्याविषयी पुढे सविस्तर लिहिणार आहे, कारण या सगळ्या प्रयोगात मनस्ताप झाला तो त्यांच्याच पायी. दुकानांची नावे देत नाही. एकाच ठोक व्यापाऱ्याचा माल दहा दुकानांत असतो, त्यामुळे नाव सांगून वाचकाचा फारसा फायदाही होणार नाही.

मूळ मुद्दा असा, की दुकानदार ‘स्टील’ हा शब्द एकाच वस्तूचे नाव असल्यासारखा वापरतो आणि आपणही तसाच ऐकतो. लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळले, की त्याला स्टेनलेस म्हणता येते. या क्रोमियमचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म, डोळ्यांना न दिसणारा पापुद्रा तयार होतो. तो काही नॅनोमीटर इतकाच जाड असतो आणि ओरखडा पडला तरी हवा मिळताच पुन्हा धरतो. स्टीलच्या साखळीला कधी चकाकीचा हात द्यावा लागत नाही, तो याच पापुद्र्यामुळे. यापुढे मात्र वाटा फुटतात. ३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. ३१६ या प्रतीत निकेल १० टक्क्यांच्या वर असते आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. हे मॉलिब्डेनम घामातल्या आणि समुद्राच्या पाण्यातल्या क्षारांना तोंड देते. २०१ या प्रतीत महागडे निकेल कमी करून त्याच्या जागी मँगेनीज घातलेले असते. आपल्याकडच्या स्वस्त भांड्यांत याच २०० मालिकेचे स्टील सर्रास वापरले जाते. दिसायला तिन्ही सारखीच असतात. विकत घेताना तिन्हींचा भावही बहुधा सारखाच सांगितला जातो, आणि तक्रारीची सुरुवात तेथूनच होते.

दुकानदार हमखास लोहचुंबक काढून दाखवतो. ‘देखिए, चिपक नहीं रहा, असली है,’ असे म्हणून तो चुंबक खिशात परत टाकतो. या परीक्षेत साधे लोखंड आणि ४०० मालिकेची, म्हणजे जवळजवळ निकेल नसलेली, स्टीले पकडली जातात, इतकेच. २०१ ला चुंबक चिकटत नाही आणि पितळेलाही चिकटत नाही, म्हणजे ज्यांची भीती बाळगायची ते दोन्ही पाहुणे या दारातून बिनदिक्कत आत येतात. उलट ३०४ ची चांगली तार कारखान्यात थंड अवस्थेत बरीच ओढली किंवा वाकवली गेली असेल, तर ती चुंबकाकडे थोडीशी झुकते आणि गिऱ्हाईक विनाकारण संशय घेते. साखळीच्या हुकाजवळ तर चुंबक नेऊच नये. आतली स्प्रिंग कडक तारेची असते आणि ती चुंबकाला चिकटतेच, मग उरलेली साखळी कितीही अस्सल असो.

तेव्हा साहेबांची परवानगी काढून मी जेवणाच्या सुट्टीत या सहाही वस्तू आमच्या क्ष-किरण यंत्राखाली धरल्या. हे हातात धरायचे, पिस्तुलासारखे यंत्र धातूतले घटक काही सेकंदांत टक्क्यांनी दाखवते. साध्या साखळीने क्रोमियम १६.४, निकेल १०.१ आणि मॉलिब्डेनम २.०३ असे आकडे दाखवले, म्हणजे ती खरोखर ३१६ निघाली. मुलीच्या बाळ्यांच्या पुठ्ठ्यावर ‘३१६एल’ छापलेले होते, पण यंत्रावर मॉलिब्डेनम नावालाच उमटले; ते सरळसरळ ३०४ होते. कडे आणि जोडवीही ३०४ निघाली, मात्र त्यांच्यावर दुकानदाराने कसलाच दावा केला नव्हता, म्हणून त्यांच्याबद्दल माझे काही म्हणणे नाही. जाता जाता एक गोष्ट सांगते. ‘एल’ हे अक्षर कार्बन अत्यल्प, म्हणजे ०.०३ टक्क्यांहून अधिक नाही, असे सांगते आणि कार्बन आमच्या या यंत्राला दिसतच नाही. त्यामुळे दुकानात कोणी यंत्र दाखवून ‘हे बघा, एल सिद्ध झाले’ असे म्हणाले, तर त्याला चहा पाजावा आणि निघावे. ‘एल’चा खरा उपयोग जाड पत्र्याला वेल्डिंग करताना होतो. गळ्यातल्या साखळीला त्यावाचून फारसे काही अडत नाही.

सहा वस्तूंपैकी ही साधी साखळी मला निर्विवाद आवडली. बावीस महिन्यांत ती मी आंघोळीला, स्वयंपाकाला आणि मे महिन्यातल्या पीथमपूरच्या बसप्रवासाला कधीही उतरवली नाही. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर टँकरच्या रंगीत पाण्याने ती नखशिखांत न्हाली, आणि घरी येऊन कोमट पाणी, थोडा साबण व जुना दात घासायचा ब्रश एवढ्यावर कड्यांच्या सांध्यांतला गुलाल निघून गेला. चांदीची साखळी हवेतल्या आणि घामातल्या गंधकाने काळवंडते, तसे हिचे झाले नाही; मानेवर हिरवट पट्टाही उमटला नाही, कारण तो पट्टा तांब्याचा असतो आणि हिच्यात तांबे नगण्य आहे. आरशासारखी मूळची चकाकी मात्र आता तशी राहिलेली नाही. भिंगातून पाहिले तर प्रत्येक कडीवर केसासारखे बारीक ओरखडे दिसतात आणि त्यामुळे तिचा उजेड थोडा मऊ झाला आहे, जो मला मूळच्या झगझगाटापेक्षा बरा वाटतो. वजनाचा अंदाज हवा असेल तर असे सांगता येईल, की स्टीलची घनता सुमारे ८, चांदीची साडेदहा आणि शुद्ध सोन्याची १९.३ आहे, म्हणून त्याच जाडीच्या सोन्याच्या साखळीची सवय असलेल्या गळ्याला ही पहिले काही दिवस पोकळ वाटते.

साखळी निवडताना धातूच्या प्रतीइतकेच कड्यांचे तोंड पाहावे, असे मला या काळात कळले. स्वस्त साखळीत प्रत्येक कडीची दोन टोके नुसती एकमेकांजवळ आणून दाबलेली असतात, चांगल्या साखळीत ती वितळवून जोडलेली असतात. डोळ्यांनी हा फरक कळणे कठीण आहे, म्हणून मी एक घरगुती युक्ती वापरते. साखळी मलमलच्या जुन्या ओढणीवरून हळूहळू ओढायची. एखादी कडी उघडी असेल तर ती लगेच धागा पकडते. दुकानात ओढणी अंगावरच असते आणि दुकानदाराला काही सांगावेही लागत नाही. ही परीक्षा न केलेल्या एका शेजारणीच्या साखळीत मानेचे केस अडकत, आणि ती बिचारी तेलाला दोष देत बसली होती.

माझ्याही साखळीत एक खोट निघालीच. सोळाव्या महिन्यात हुकाचा खटका अडखळू लागला. भिंगाखाली धरले तेव्हा खटक्याच्या फटीत तांबूस पूड दिसली. बाहेरचा हुक स्टेनलेस होता, पण आतली स्प्रिंग साध्या लोखंडी तारेची बसवलेली होती, आणि ज्या फटीत घाम शिरतो पण वाळत नाही, तेथे तिने गंज धरला. अख्ख्या साखळीचे पैसे घ्यायचे आणि चार आण्यांच्या स्प्रिंगपाशी हात आखडायचा, ही काटकसर मला कळत नाही. दुकानदाराने कुरकुर न करता नवा हुक बसवून दिला आणि ४० रुपये घेतले, हे त्याच्या बाजूने नमूद करायला हवे. यानंतर मी खरेदीच्या वेळी हुक वीसदा उघडून मिटून पाहते आणि एखादा जादा हुक बरोबरच मागून घेते.

सोनेरी मंगळसूत्राविषयीचे माझे मत इतके सरळ नाही. हा रंग दोन प्रकारे चढतो. एक जुनी पद्धत म्हणजे द्रावणात बुडवून विजेच्या साहाय्याने सोन्याचा पातळ मुलामा देणे. स्टीलवर तो सहजी बसत नाही, कारण ज्या पापुद्र्याचे मी वर कौतुक केले तोच येथे आडवा येतो. त्यामुळे सोन्याच्या आधी बहुधा निकेलचा एक पातळ हात द्यावा लागतो आणि स्टील सोसणाऱ्या त्वचेलाही मग निकेल भोवू शकते. दुसऱ्या पद्धतीला बाजारात ‘पीव्हीडी’ म्हणतात. निर्वात पेटीत टायटॅनियमची वाफ करतात, आत नायट्रोजन सोडतात आणि त्या दोघांच्या संयोगातून तयार झालेला, पिवळा दिसणारा अतिशय कठीण थर वस्तूवर बसतो. आमच्या कारखान्यातल्या ड्रिलच्या पात्यांवर जो सोनेरी रंग असतो तो हाच. स्टीलला भोक पाडणारे पाते आणि माझ्या गळ्यातले मंगळसूत्र एकाच रंगात रंगलेले आहे, हे ध्यानात आले त्या दिवशी मला कामावर पुन्हा पुन्हा हसू येत होते. या थराचा पिवळा बावीस कॅरेटच्या सोन्याहून किंचित फिकट, पितळेकडे झुकणारा असतो, म्हणून पुष्कळदा त्यावर खऱ्या सोन्याची अगदी विरळ झाक देतात.

थर कितीही कठीण असला तरी त्याची जाडी एखाद्या मायक्रॉनच्या आसपास असते, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, हे मनाशी धरूनच अपेक्षा ठेवावी. माझ्या मंगळसूत्राचा रंग पहिले वर्षभर जसाच्या तसा राहिला. चौदाव्या महिन्याच्या सुमारास मानेमागे जेथे साखळी ब्लाउजच्या काठावर घासते तेथे आणि कडीत कडी अडकते त्या आतल्या कडांवर पांढरे ठिपके दिसू लागले. पुढून पाहणाऱ्याला ते आजही कळत नाहीत. वाट्या आणि मणी ठीक आहेत. एक ग्रॅमचे दागिने झिजले की आतून तांबूस-काळपट पितळ डोकावते आणि ते लपवता येत नाही. येथे झिजेखालून स्टीलच निघते, म्हणून वस्तू केविलवाणी दिसत नाही, फक्त दुरंगी दिसते. पण दुरंगी झालेला दागिना पुन्हा एकरंगी करून देणारा कारागीर मला इंदुरात तरी सापडलेला नाही. निर्वात पेटी कोणा सराफाच्या पेढीवर नसते. म्हणजे सोनेरी स्टील हे मुदतीवर घेतलेले आहे असे धरून चालावे, आणि माझ्या मते रोज वापरल्यास ती मुदत सव्वा वर्षाची आहे.

या कपाटांवरच्या पाट्यांविषयीही थोडे बोलायला हवे. ‘अठरा कॅरेट गोल्ड प्लेटेड’ या शब्दांनी मुलाम्यातले सोने किती कसाचे आहे ते कळते. तो मुलामा किती जाड आहे याचा त्यात पत्ता नसतो, आणि टिकणे तर जाडीवर अवलंबून असते. ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द साखळीला का लावतात हे मला अजून उमगलेले नाही, कारण तिच्या आत पाणी शिरून बिघडण्यासारखे काय असते? ‘सर्जिकल स्टील’ हा या सगळ्यांत भारी शब्द. शस्त्रक्रियेच्या कात्र्या ज्या स्टीलच्या करतात ते धार धरणारे, कडक आणि चुंबकाला चिकटणारे असते, तर हाडात बसवण्याच्या पट्ट्यांचे स्टील वेगळे, ३१६एलच्या जातीचे आणि अधिक शुद्ध असते. दोन्हींना सर्जिकल म्हणता येते, म्हणून तो शब्द ऐकून गिऱ्हाइकाला काहीच कळत नाही.

माझ्या कुड्यांच्या पुठ्ठ्यावर नेमका हाच शब्द होता. मला निकेलचा त्रास आहे. कॉलेजात असताना जीन्सच्या बटणाने पोटावर चट्टा उठला तेव्हापासून तो माहीत आहे. कुड्या घातल्यावर चौथ्या दिवशी डाव्या कानाच्या पाळीला खाज सुटली आणि सहाव्या दिवशी भोकातून पाणी यायला लागले. यंत्राखाली धरल्यावर समोरची चकती २०१ निघाली, म्हणजे मँगेनीजवाली, आणि मागची काडी, जी खरी कानाच्या मांसात असते, ती चक्क पितळेची निघाली, वरून निकेलचा मुलामा दिलेली. कापसाच्या बोळ्यावर निकेल तपासायचे द्रावण घेऊन मी काडीवर अर्धा मिनिट घासले आणि बोळा गुलाबी झाला. तसाच नवा बोळा चकतीवर घासला तर पांढराच राहिला. ज्या दुकानातून त्या घेतल्या होत्या तेथे परत गेले, तेव्हा मालकाने ‘कानांना सवय होईल, ताई’ असे सांगितले आणि पैसे परत करायला नकार दिला. सवय होण्यासारखी ही गोष्ट नाही. निकेलची ॲलर्जी एकदा जडली, की सहसा जन्मभर साथ करते.

येथे एक बारकावा समजून घ्यावा, कारण पुष्कळ जणी मला ‘मग स्टीलमध्ये निकेल असतेच ना?’ असे विचारतात. असते, आणि ३१६ मध्ये तर ३०४ पेक्षा जास्त असते. पण त्वचेला त्रास होतो तो धातूतून सुटून बाहेर येणाऱ्या निकेलचा, आणि चांगल्या स्टीलमधला पापुद्रा ते धरून ठेवतो. युरोपातले नियमही याच तत्त्वावर बेतलेले आहेत. तेथे १९९४ मध्ये यासंबंधीचा निर्देश निघाला आणि आजच्या मर्यादेनुसार त्वचेला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून, आणि टोचलेल्या भोकात घालायच्या काडीतून ०.२ मायक्रोग्रॅमहून अधिक निकेल सुटता कामा नये. काड्या आणि स्क्रू यांच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. लेथवर पटापट कातता यावे म्हणून काही जण गंधक मिसळलेले ३०३ प्रतीचे स्टील वापरतात, आणि त्यातून निकेल पुष्कळ अधिक सुटते. म्हणून कानातल्यांच्या बाबतीत चकती कशाची आहे हे नंतर विचारावे, काडी कशाची आहे हे आधी विचारावे. ज्यांची ॲलर्जी तीव्र आहे त्यांनी स्टीलचा हट्ट सोडून टायटॅनियमकडे वळावे, असे मी माझ्या अनुभवावरून म्हणेन.

मुलीच्या बाळ्यांनी तिला असा काही त्रास दिला नाही. मात्र उन्हाळ्यात ती रोज तरणतलावावर जात होती आणि जूनमध्ये बाळ्यांच्या आतल्या बाजूला फिकट तपकिरी ठिपके दिसले. आमच्या क्षेत्रात याला चहाचे डाग म्हणतात. पाण्यात टाकलेल्या क्लोरीनमुळे हे होते, आणि मॉलिब्डेनम असलेल्या ३१६ वर ते झाले नसते किंवा फार उशिरा झाले असते. साबण आणि ब्रशने डाग गेले, भिंगाखाली दोन सुईच्या टोकाएवढे खड्डे मात्र राहिले. पुठ्ठ्यावर छापले होते तेच आत असते, तर ही वेळ आली नसती. एरवी ३०४ ला माझा विरोध नाही. इंदूरच्या कोरड्या हवेत, रोजच्या घामाला ते पुरेसे आहे. फक्त ते ३०४ म्हणून आणि ३०४ च्या भावात विकावे. फरशी पुसायचे ॲसिड आणि कपड्यांचे ब्लीच यांपासून मात्र कोणतेही स्टील जपावे.

जोडव्यांची कथा निराळी. माझ्या चांदीच्या जोडव्या दर महिन्याला काळ्या पडत आणि वर्षा-दोन वर्षांत झिजून कागदासारख्या होत, म्हणून स्टीलच्या घेतल्या. काळ्या पडल्या नाहीत आणि झिजल्याही नाहीत. पण चांदीची जोडवी बोटावर दाबली की बोटाचा आकार घेते, आणि स्टीलची दाबली की दाबणाऱ्याच्या बोटाला खुणा पडतात. थोडी वाकते, सोडली की पुन्हा मूळ जागी येते आणि उघडी टोके बोटाच्या मांसात रुततात. आमचे घरचे सोनारकाका सराफ्यात तीन पिढ्या बसतात. त्यांच्याकडे मी त्या थोड्या सैल करून घ्यायला गेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, जोडवी चिमट्यात धरून फिरवली आणि माझ्या तळहातावर परत ठेवली.

‘ताई, याला माझी फुंकणी पुरायची नाही. सोने हजारावर पाणी होते, चांदी त्याच्याही आधी. हे चौदाशेशिवाय हलत नाही, आणि याला टाका लावला तरी धरत नाही. भांडीवाल्याकडे न्या,’ असे ते म्हणाले, आणि शेवटचे वाक्य बोलताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी विसरणार नाही.

त्यांचे म्हणणे अचूक आहे. स्टीलचा दागिना मापाचाच घ्यावा लागतो, नंतर लहान-मोठा होत नाही. अंगठीच्या बाबतीत तर याहून गंभीर गोष्ट लक्षात ठेवावी. बोट सुजले आणि अंगठी कापायची वेळ आली, तर सोने-चांदी पटकन कापली जाते, स्टीलची जाड अंगठी कापायला बराच वेळ आणि त्यासाठीचे वेगळे पाते लागते. म्हणून मी स्टीलची अंगठी घेतली नाही आणि घेणारही नाही. यजमानांच्या कड्याबद्दल मात्र सांगण्यासारखे काहीच नाही. ते घातले, ओरखडे पडले, अजून हातात आहे.

सासूबाईंचा आक्षेप यांपैकी कशावरही नव्हता. ‘गळ्यात लोखंड घालायचे का ग?’ हा त्यांचा पहिला प्रश्न, आणि ‘याची मोड किती येईल?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे शास्त्रीय उत्तर होते, ते त्यांना पटले नाही. दुसऱ्याला उत्तरच नव्हते. सोन्याला आता हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकी क्रमांक असतो आणि १ एप्रिल २०२३ पासून त्याशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. स्टीलच्या दागिन्याला तशी कोणतीही खूण नाही, आणि त्याची मोड म्हणजे भंगाराचा भाव. साडेसातशे रुपयांच्या साखळीतला धातू बर्तन बाजारात दहा रुपयांचाही भरत नाही, बाकी सगळी घडणावळ, चकाकी आणि दुकानाचे भाडे. दुसरीकडे, घड्याळांच्या जगात १९७२ साली स्वित्झर्लंडच्या ओडेमार पिगे या नामांकित कंपनीने स्टीलचे ‘रॉयल ओक’ घड्याळ सोन्याच्या कित्येक घड्याळांपेक्षा महाग विकायला काढले आणि ते चालले, हे मी सासूबाईंना सांगून पाहिले. ‘मग त्यांच्याकडे मोड येत असेल,’ असे त्या म्हणाल्या आणि दुर्दैवाने हे अगदी खरे आहे.

आता पुन्हा घ्यायची झाली तर मुलामा नसलेली साखळी, ३१६ ची, जोडलेल्या कड्यांची घेईन, आणि तिला साडेसातशे रुपये मोजताना मला वाईट वाटणार नाही. बाळ्या घेईन, पण काडीसकट एकाच धातूच्या, आणि विक्रेत्याने बिलावर प्रत लिहून दिली तरच. हे लिहून मागितले की निम्मे विक्रेते आपोआप गप्प होतात. पहिल्या दुकानदाराने माझ्या सांगण्यावरून पुठ्ठ्यांवरचे ‘३१६एल’ खोडून हाताने ‘स्टेनलेस’ असे लिहिले आहे. कुड्यांच्या दुकानात अजून ‘सर्जिकल’ची पाटी झळकते आहे आणि तेथे माझे पाय पुन्हा वळणार नाहीत.

सोनेरी मंगळसूत्राचे मी गेल्या महिन्यात निराळेच काही केले. राजवाड्याजवळच्या पटवेकाकांकडे माझ्या लग्नातल्या, सोन्याच्या दोन लहान वाट्या नेल्या आणि त्या काळ्या मण्यांसह साध्या स्टीलच्या साखळीत गाठवून घेतल्या. वाट्यांची भोके साखळीच्या मानाने अरुंद पडत होती, तेव्हा त्यांनी दोन्हीकडे काळ्या रेशमाचे फासे घेऊन ती अडचण सोडवली. गाठवण्याचे ८० रुपये झाले. स्टील सोन्याहून कठीण असल्यामुळे कडी वाटीच्या भोकाला खाईल अशी मला धास्ती होती, पण मध्ये रेशीम आल्याने धातू धातूला लागत नाही. रेशीम दर सहा महिन्यांनी बदलावे लागेल, असे त्यांनी बजावले आहे.